कांसव आणि कारेल

'रोबो' हा शब्द जगाला एका नाटकानें दिला. चेक लेखक कारेल चापेक यांनीं १९२० सालीं 'आर. यू. आर.' नांवाचें नाटक लिहिलें आणि पुढल्याच वर्षीं तें प्राग शहरीं रंगभूमीवर आलें. कारखान्यांत घडविलेल्या कृत्रिम कामकऱ्यांना कोणतें नांव द्यावें, असा प्रश्न चापेक यांच्यापुढें होता. त्यांचे बंधु योसेफ हे चित्रकार होते. त्यांनीं 'रोबोत' हा शब्द सुचविला. चेक भाषेंत 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदारासाठीं कुळानें करावयाची सक्तीची चाकरी. नाटकांतील हे वेठबिगार शेवटीं बंड करून उठतात आणि मनुष्यजातीचा उच्छेद करतात. अशा भयंकर कथेंतून जन्मलेल्या शब्दाला साठ वर्षांनंतर एक अगदीं निराळें भाग्य लाभलें. १९८१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाठ्यपुस्तकांतील यंत्रमानवाला चापेक यांच्यावरून 'कारेल' हें नांव मिळालें. या कारेलला लोखंडी देह नव्हता, चाकें नव्हतीं, विजेची मोटारहि नव्हती. त्याचें सारें अस्तित्व कागदावर आणि संगणकाच्या पडद्यावर होतें; आणि नवशिक्यांना विचार करावयास शिकविणें हेंच त्याचें काम होतें.

वेठीसाठीं कल्पिलेला हा सेवक शिक्षक कसा झाला, हें समजण्यासाठीं आधीं एका कांसवाची गोष्ट पाहिली पाहिजे.

इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनीं १९४८-४९ च्या सुमारास दोन लहान स्वयंचलित यंत्रें बनविलीं. पाठीवर कवच असलेल्या, प्रकाशाच्या रोखानें सरकणाऱ्या या यंत्रांना कांसवें हेंच नांव पडलें. पुढें १९६७ सालीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें वॉली फॉइरझाइग, सीमूर पॅपर्ट व सिंथिया सॉलोमन यांनीं मुलांसाठीं 'लोगो' नांवाची संगणकभाषा तयार केली. त्या काळीं संगणक ही मोठमोठ्या संस्थांची मिरासदारी होती. पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेंत जन्मलेले गणिती. जिनीव्हा येथें बालमानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्या सहवासांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें होतें. मूल केवळ ऐकून शिकत नाहीं, स्वतः कांहीं घडवितां घडवितां शिकतें, ही त्यांची निष्ठा होती. थोड्याच वर्षांत लोगोच्या हुकमतीखालीं एक यांत्रिक कांसव आलें. जमिनीवर पसरलेल्या कागदावरून तें सरके आणि त्याची लेखणी मागें रेघ उमटवी.

हें कांसव मनोहर होतें, पण महाग होतें. आणि ज्या संगणकाला तें तारेनें जोडलेलें असे, तो तर सामान्य शाळेच्या आवाक्यापलीकडचा होता. त्याच काळांत कांसवाचें दुसरें रूपहि तयार झालें. तें म्हणजे पडद्यावर फिरणारा एक लहानसा त्रिकोण. त्याला ना चाकें, ना तार. १९८० नंतर लहान संगणक शाळांतून व घरांतून येऊं लागले, तेव्हां त्यांच्याबरोबर सर्वत्र पसरलें तें हें दुसरें कांसव. आभासी यंत्रमानव शाळेंत शिरला तो चैन म्हणून नव्हे. खऱ्याहून स्वस्त म्हणून.

या कांसवाकडून चौकोन काढवून घ्यावयाचा, तर 'शंभर पावलें पुढें जा, नव्वद अंश उजवीकडे वळ' असें चार वेळां सांगावें लागतें. तें मुलांना लवकर साधतें. मग त्रिकोणाची पाळी येते. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, हें ज्याला पाठ आहे, असा विद्यार्थी मोठ्या विश्वासानें साठ अंश वळावयास सांगतो. कांसव निमूटपणें तसें करतें, आणि त्रिकोणाऐवजीं अर्धा षट्कोन उमटतो. येथें कोणी छडी उगारीत नाहीं, कोणी लाल शाईची फुली मारीत नाहीं. पॅपर्ट यांचा सल्ला असा कीं, अशा वेळीं मुलानें स्वतःच कांसव व्हावें. उठावें आणि खोलींत तसेंच चालून पाहावें. चालतांना त्याच्या ध्यानांत येतें कीं, कोपऱ्यावर वळावयाचें तें आंतल्या कोनाएवढें नव्हे, बाहेरच्या कोनाएवढें. म्हणजे एकशेंवीस अंश. आकृति पुरी करून तोंड पुन्हां मूळ दिशेला आलें, कीं एकंदर वळण तीनशेंसाठ अंशांचें होतें, हा सिद्धांत मग घोकावा लागत नाहीं. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथांत पॅपर्ट यांनीं हा विचार विस्तारानें मांडला. चूक हा अपराध समजूं नये. ती शोधावी, समजून घ्यावी व दुरुस्त करावी, असें त्याचें सार आहे.

लहान मुलांसाठीं जें कांसवानें केलें, तें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं कारेलनें केलें. त्याचे जनक रिचर्ड पॅटिस हे स्टॅनफर्ड विद्यापीठांतील. त्या काळीं नवशिक्यांना 'पास्कल' ही संगणकभाषा शिकवीत. विद्यार्थी आरंभींच चलें, संख्यांचे प्रकार आणि विरामचिन्हांचे नियम यांत गुंतून पडे. प्रश्न सोडविण्याची युक्ति, जी खरी विद्या, ती दूरच राही. पॅटिस यांनीं अंकगणितच बाजूस ठेवलें. कारेलच्या जगांत चलें नाहींत, आंकडेमोड नाहीं. पूर्वपश्चिम रस्ते, त्यांना छेदणारे दक्षिणोत्तर मार्ग, मध्येंच कोठें भिंती, आणि चौकांत ठेवलेल्या, बारीक 'बीप' असा आवाज करणाऱ्या खुणा, एवढाच त्याचा संसार. मूळ आज्ञाहि पांचच: एक घर पुढें जा, डावीकडे वळ, खूण उचल, खूण ठेव, बंद हो.

या यादींत उजवीकडे वळण्याची आज्ञा नाहीं. नवशिका प्रथम अडखळतो. मग त्याला सुचतें कीं, तीन वेळां डावीकडे वळलें म्हणजे तोंड आपोआप उजवीकडे होतें. त्या तिन्ही वळणांची एकत्र मोट बांधून तो 'उजवीकडे वळ' अशी नवी आज्ञा निर्माण करतो, आणि तेव्हांपासून कारेलला सहावा शब्द येतो. मोठें काम लहान कामांत विभागावें, प्रत्येक लहान कामाला नांव द्यावें आणि त्या नांवांच्या आधारावर पुढला मजला चढवावा, हें प्रोग्रॅमिंगचें मर्म येथें व्याख्येवांचून हातीं लागतें. पॅटिस यांनीं घातलेलीं कामेंहि ओळखीचीं आहेत: सकाळीं दाराबाहेर पडलेलें वर्तमानपत्र आणणें, अडथळ्यांची शर्यत धांवणें, शेतांतलें पीक गोळा करणें, उजव्या हाताची भिंत न सोडतां चक्रव्यूहांतून बाहेर पडणें.

कारेल भिंतीवर आदळून मोडत नाहीं. समोर भिंत असतां 'पुढें जा' अशी आज्ञा झाली, तर तो स्वतःला बंद करून घेतो आणि तेथेंच उभा राहतो. ती जागा विद्यार्थ्याला दिसते, आणि कोणत्या ओळीवर तर्क चुकला, हें त्याला मागें जाऊन तपासतां येतें. चापेक यांच्या नाटकांतील सेवक आज्ञा मोडून धन्याचा नाश करतात. हा सेवक आज्ञा तंतोतंत पाळून धन्याला त्याच्या विचारांतील खोट दाखवितो.

२०२० सालीं करोनाच्या साथीनें वर्ग बंद पडले, तेव्हां या पद्धतीची पुन्हां एकदां कसोटी लागली. स्टॅनफर्डनें जगभरच्या नवशिक्यांसाठीं 'कोड इन प्लेस' हा विनामूल्य वर्ग उघडला. सुमारें दहा हजार विद्यार्थी त्यांत आले, आणि त्यांना पहिला भेटला तो कारेलच; मात्र आतां 'पायथन' ही नवी भाषा समजणारा. मुंबईंतील पवई येथील आयआयटीचा 'ई-यंत्र' हा उपक्रम एरवीं स्पर्धकांच्या हातीं खरीं यंत्रें देतो. त्याच्या २०२०-२१ च्या स्पर्धेंतहि आभासी यंत्रमानवांचा आश्रय घेण्यांत आला. प्रयोगशाळेला कुलूप असतां विद्यार्थ्यांना घरीं बसून यंत्रें चालवितां आलीं.

तथापि या गुरूची मर्यादाहि ओळखली पाहिजे. कारेलचें एक घर म्हणजे बरोबर एकच घर. त्याचें डावें वळण म्हणजे बरोबर नव्वद अंश. खऱ्या यंत्राचीं चाकें गुळगुळीत फरशीवर घसरतात, बॅटरी उतरली कीं वेग मंदावतो, आणि दोन मोटारी अगदीं सारख्या कधींच फिरत नाहींत. चौकोन काढावयास निघालेलें खरें यंत्र मूळ जागीं बिनचूक परत येईलच असें नाहीं. म्हणून पडद्यावर निर्दोष ठरलेली आज्ञावली अंगणांत फसते. 'गॅझेबो'सारख्या आधुनिक साधनांत घर्षण, गुरुत्वाकर्षण, इतकेंच नव्हे तर यंत्राच्या दृष्टींतील दोष यांचेंहि अनुकरण करतात. परंतु अनुकरण तें अनुकरणच. आभासी जगांत बुद्धीची तालीम होते. जमिनीची ओळख मात्र जमिनीवरच करून घ्यावी लागते.

ही मर्यादा मान्य करूनहि या इतिहासांतील मुख्य प्रश्न उरतोच. संगणकानें मुलाला चालवावें, कीं मुलानें संगणकाला, असें पॅपर्ट विचारीत असत. आज पडदे घरोघरीं आहेत, आणि पुष्कळ मुलें त्यांवर दुसऱ्यांनीं रचलेल्या खेळांतून आणि धड्यांतून बोट फिरवीत बसतात. तो पडदा त्यांना चालवीत असतो. त्याच पडद्यावर पांच आज्ञा जाणणारा कारेल येऊन उभा राहिला, कीं पुढचें पाऊल मुलाला स्वतः ठरवावें लागतें. कारण मुलानें सांगितल्यावांचून कारेल जागचा हालत नाहीं.