भाडेकरूने खोलीचे नुकसान केले तर घरमालकाने काय करावे?

दौलताबाद, वार्ताहर : किल्ल्यासमोरच्या रस्त्यालगत दुकानाचे गाळे आणि गावात वाळूज एमआयडीसीत जाणाऱ्या कामगारांसाठी दोन-दोन खोल्या, असा जोडधंदा आता बऱ्याच शेतकऱ्यांचा झाला आहे. भाडे वेळेवर येते, पण खोली रिकामी झाली की भांडण लागते. मोटार जळालेली, संडासाचे भांडे फुटलेले, फरशीला तडे. मालक म्हणतो तुम्ही केले, भाडेकरू म्हणतो आधीपासूनच होते.

इथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कामाला येतो. कलम १०८ नुसार भाडेकरूने जागा घेतली तशीच परत द्यायची असते. वापराने होणारी साधी झीज मात्र त्यात धरत नाहीत. रंग उडाला, नळाचा वायसर गेला, हे मालकाच्याच अंगावर. दार तोडले, भिंत फोडली तर ते भाडेकरूचे. त्याच्या चुकीने बिघाड झाला असेल तर मालकाने नोटीस द्यावी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत त्याने दुरुस्ती करून द्यावी, असे कायदा सांगतो. नोटीस तोंडी देऊन भागत नाही. लेखी द्या, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

सगळा खेळ पुराव्याचा आहे. आपल्याकडे ‘ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला’ म्हणून खोली देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. लिव्ह अँड लायसन्स करार केला तर नुकसानभरपाईची अट त्यातच स्पष्ट लिहून घ्यावी. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे फार नाही.

चावी देतानाच प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. पंखे, बल्ब, नळ, मोटार यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. मीटरचे रीडिंगही लिहा. सोडतानाही दोघे मिळूनच पाहणी करा. डिपॉझिटातून पैसे कापायचे तर मिस्तरीचे, प्लंबरचे बिल दाखवून कापा. अंदाजे ‘पाच हजार झाले’ म्हटले की वाद वाढलाच. उरलेली रक्कम परत देताना पोच घ्या.

रागाच्या भरात कुलूप लावणे, सामान बाहेर फेकणे, लाइट-पाणी तोडणे असले उद्योग करू नका. उलट गुन्हा मालकावरच दाखल होऊ शकतो. मुद्दाम तोडफोड केली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली पोलिसांत तक्रार देता येते, पण बहुतेक वेळा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असेच उत्तर मिळते. डिपॉझिटापेक्षा नुकसान जास्त असेल तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी दावा. तो साधारण तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो.