पुस्तकांचं वेषांतर

नंदुरबारच्या आमच्या घरी गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' होती. तिला मुखपृष्ठ नव्हतं आणि सुरुवातीची काही पानंही गेलेली होती. आठवीच्या उन्हाळ्यात मी ती माळ्यावर बसून वाचली. भुयारं, तळघरं, वेष पालटून हिंडणारी माणसं, ऐन मोक्याला संपणारी प्रकरणं. हे सगळं आपल्याच मुलखात कधीतरी घडलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दातारांच्या बऱ्याच कादंबऱ्या जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत, हे मला पुण्याला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं. फसवलं गेल्यासारखं वाटलं. त्याच वर्षी हॉस्टेलच्या खोलीत एका मित्रानं मला 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'चा पहिला भाग वाचायला दिला. जपानी लाइट नॉव्हेल, इंग्रजीत भाषांतरित. मुखपृष्ठावर मोठ्या डोळ्यांची पात्रं, आत जपानी नावं जशीच्या तशी, मधूनमधून चित्रं. हे पुस्तक आपण कुठून आलो हे मुळीच लपवत नव्हतं.

पुढे नोकरी लागली आणि दोन्ही पुस्तकं मागे पडली. ती आठवली गेल्या दिवाळीत. मी आजीच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड केल्या, एकूण चौदा. आजी अहिराणीत सांगते. मावसभाऊ अशा गोष्टी ॲपवर चढवण्यात तरबेज आहे. त्यानं दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "दादा, प्रमाण मराठीत करून घे. नाहीतर खानदेशाबाहेर कोण ऐकेल?" त्याचं म्हणणं चूक ठरवता येईना आणि मानवतही नव्हतं. म्हणून एका मुलखाची गोष्ट दुसऱ्या मुलखात विकताना लोकांनी आजवर काय काय केलं, ते मी शोधत बसलो.

सुरुवात लाइट नॉव्हेलपासून केली, कारण तो इतिहास ताजा आहे आणि त्यातल्या चुका उघड दिसतात.

लाइट नॉव्हेल म्हणजे जपानमधली खिशात मावणारी कादंबरी. आकार आपल्या वहीच्या पानाच्या निम्म्याहून लहान, वाचक प्रामुख्याने शाळा-कॉलेजातले, वाक्यं छोटी, संवाद भरपूर. सुरुवातीला रंगीत पानं, आत काळी-पांढरी चित्रं. चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं महत्त्वाचं. १९८८ साली फुजिमी फँटासिया बुंको आणि १९९३ साली देंगेकी बुंको अशा खास मालिका निघाल्या. 'बुंको' म्हणजे हा छोटा, स्वस्त आकार. 'लाइट नॉव्हेल' हे इंग्रजी शब्दांचं नावही जपान्यांनीच १९९०च्या सुमारास घडवलं. इंग्रजी वाचकाला ते पुढे समजावून सांगावं लागलं.

अमेरिकेत ही पुस्तकं न्यायची वेळ आली तेव्हा आधीचा एक धडा हाताशी होता. जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, उजवीकडून डावीकडे वाचतात. अमेरिकी प्रकाशक बरीच वर्षं पानं आरशातल्यासारखी उलटी करून छापत. त्यामुळे उजवा तलवारबाज डावखुरा व्हायचा. २००२ साली टोक्योपॉप या प्रकाशनानं उलटवणं बंद केलं आणि 'शंभर टक्के अस्सल' असं म्हणत तेच विकण्याचं कारण बनवलं. पानं उलटवण्याचा खर्च वाचला, पुस्तक दहा डॉलरच्या आत आलं आणि खपलं. वाचकानं तक्रार न करता उलट दिशेनं वाचायला शिकून घेतलं.

कादंबरीच्या बाबतीत मात्र हा धडा विसरला गेला. टोक्योपॉपनं २००४ पासून 'स्लेयर्स' ही मालिका इंग्रजीत आणली, पण प्रश्न कपाटाचा होता. मुखपृष्ठ मांगासारखं दिसलं की दुकानदार ते मांगाच्या कपाटात ठेवणार. तिथला गिऱ्हाईक उघडून बघणार, आत चित्रांऐवजी मजकूर दिसणार आणि तो पुस्तक परत ठेवणार. कादंबरीच्या कपाटात ठेवलं तर तिथल्या वाचकाला ते मुलांचं कॉमिक वाटणार.

२००९ साली या कोड्याची दोन उत्तरं आली. 'द मेलन्कॉली ऑफ हारुही सुझुमिया' ही नागारू तानिगावांची कादंबरी जपानमध्ये २००३ साली आली होती. २००६च्या ॲनिमे मालिकेमुळे ती अमेरिकेतल्या तरुणांना ठाऊक झालेली होती. अमेरिकी प्रकाशकानं ती एकाच वेळी दोन रूपांत काढली. कापडी बांधणीच्या आवृत्तीला किशोर-कादंबरीला शोभेल असं नवं मुखपृष्ठ, ॲनिमेची खूण नसलेलं. तर साध्या बांधणीला नोइझी इतो यांचं मूळ जपानी चित्र. एक ग्रंथालयवाल्यांसाठी, दुसरं चाहत्यांसाठी. त्याच वर्षी येन प्रेसनं 'स्पाइस अँड वुल्फ' आणली. त्यातली लांडग्याचे कान असलेली धान्यदेवता होलो हिच्या चित्राऐवजी मुखपृष्ठावर एका मॉडेलचा फोटो छापला. मांगाच्या कपाटापलीकडचा वाचक मिळावा, हा हेतू. ज्यांना पुस्तक हवं होतं तेच वाचक चिडले. मग मूळ चित्राचं वेष्टनही उपलब्ध करून द्यावं लागलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. २०११ साली टोक्योपॉपनं अमेरिकेतलं प्रकाशन थांबवलं. २०१४ साली येन प्रेसनं 'येन ऑन' ही फक्त लाइट नॉव्हेलची शाखा काढली आणि मूळ चित्रं, मूळ नावं ठेवूनच पुस्तकं काढायला सुरुवात केली. 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन' त्यातलंच. २०१६ साली सॅम पिनान्स्की यांनी जे-नॉव्हेल क्लब सुरू केला. वर्गणी भरा आणि भाषांतर होईल तसतसे भाग वाचा. लांबलचक शीर्षकंही तशीच इंग्रजीत आली. जपानमध्ये २००४ पासून चालणाऱ्या 'शोसेत्सुका नि नारो' या संकेतस्थळावर हौशी लेखकांच्या हजारो कथा एकाखाली एक दिसतात. तिथे शीर्षकालाच जाहिरात व्हावं लागतं, म्हणून अख्खं वाक्य शीर्षक होतं. 'दॅट टाइम आय गॉट रीइन्कार्नेटेड ॲज अ स्लाइम' हे नाव कुठल्याही जुन्या संपादकानं कापलं असतं. ते कापलं गेलं नाही आणि पुस्तक विकलं गेलं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे यातून मला लगेच नियम काढावासा वाटला: मूळ रूप ठेवा, वाचक येतील. मग मी दातारांकडे परत गेलो आणि नियम डळमळला.

रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ लंडन'ची सुरुवात १८४४ची. दर आठवड्याला एक पेनीचा अंक, डोक्यावर एक लाकडी ठशाचं चित्र, आत खून, वारसाहक्क, तळघरं. म्हणजे त्या काळातलं लाइट नॉव्हेलच. विलायतेतल्या प्रतिष्ठितांनी त्याला नाकं मुरडली. हिंदुस्थानात मात्र तो प्रचंड वाचला गेला. इथल्या ग्रंथालयांत त्याची चलती होती. मराठी कादंबरीवरही त्याची सावली आहे. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली 'पुणे वैभव'मधून येऊ लागली, तिच्यामागे रेनॉल्ड्सच आहे. हरिभाऊ लवकरच स्वतःच्या वाटेनं गेले. दातारांनी (१८७३–१९४१) रूपांतराची वाट पक्की केली.

दातारांनी लंडनचे कपडे उतरवून गोष्टीला इथले चढवले. नावं, देव, गढ्या, नातीगोती सगळं बदललं. ज्या वाचकानं तालुक्याचं गाव ओलांडलेलं नाही, त्याला थेम्सकाठच्या गल्लीत शिरायला दारच नव्हतं. अमेरिकेतला पोरगा 'हारुही'पाशी ॲनिमे पाहून आला होता. दातारांच्या वाचकानं काय पाहिलं होतं? त्याच्यासाठी दार बांधणं हेच रूपांतरकाराचं काम होतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय आणि छोटू होम्स-वॉटसनच्या धर्तीवरचे, पण मुंबईचे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आमच्या पिढीपर्यंत आणला तो अस्सल मराठी बोलणारा. या तिघांना भाषांतराचे चोर म्हणणं कृतघ्नपणा होईल. त्यांनी वाचक तयार केले. मला वाचनाची गोडी लागली ती माळ्यावर, रेनॉल्ड्सचं नाव ठाऊक नसताना.

पण किंमत मोजली गेलीच. रेनॉल्ड्स पुसला गेला. त्याची लंडनमधल्या गरिबीवरची चीड, उमरावांवरचा राग गढीच्या भुयारात हरवला. आणि वाचकाला परकं जग जसं आहे तसं बघायची सवय उशिरा लागली.

ती सवय लावणारं एक पुस्तक आमच्या शाळेच्या पेटीत होतं, आणि योगायोग म्हणजे तेही जपानी. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान'. जपानमध्ये १९८१ साली आलेलं हे पुस्तक चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलं आणि नॅशनल बुक ट्रस्टनं स्वस्तात छापलं. त्याचं 'छोटी शकू' झालं नाही. मुलीचं नाव तोत्तोचान, शाळेचं नाव तोमोई, मुखपृष्ठावर चिहिरो इवासाकी यांचं हलक्या रंगांतलं चित्र. रेल्वेच्या डब्यात भरणारी ती शाळा नंदुरबारच्या पोरांना लगेच कळली, कारण सुरत–भुसावळ गाड्यांची शिट्टी वर्गात ऐकू यायची. आम्हाला दार आधीपासून होतं आणि ते डब्याचं होतं. कपडे बदलायची गरजच पडली नाही.

म्हणजे मूळ रूप ठेवायचं की बदलायचं, हा प्रश्न मी चुकीचा मांडत होतो. वाचकापाशी दार आहे का, आणि नसेल तर ते कुठे बांधायचं, गोष्टीच्या आत की बाहेर, हा प्रश्न आहे. दातारांनी ते आत बांधलं, म्हणून गोष्टच बदलली. बाहेर बांधल्याचं उदाहरण आमच्याच खानदेशातलं आहे.

बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपानं आल्या. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते, प्रमाण मराठीत लिहीत होते. आईच्या ओळी 'सुधारून' घेणं त्यांना अवघड नव्हतं. तसं झालं नाही. जळगावकडची बोली बोलीच राहिली आणि पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना लागली. पुण्या-मुंबईचा वाचक अत्र्यांचं बोट धरून आत आला आणि आत आल्यावर बोट सोडून स्वतःच हिंडू लागला. अत्रे हे त्या पुस्तकाचं दार. भिंतींना कोणी हात लावला नाही.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण अजून जवळचं. शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली आला. भिलोरी बोलणाऱ्या माणसाची कविता छापील पुस्तकात येते, याचा अर्थ काय होता हे मला पुण्यात बसून उशिरा उमगलं. आमच्या जिल्ह्यात भिलोरी, पावरी, गुजर, अहिराणी अशा बोली बाजारात एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. पाठ्यपुस्तकात त्यांतली एकही नव्हती. आम्ही शाळेच्या दारात बोली काढून ठेवायचो, चपला काढतात तशी. मी पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात 'करी ऱ्हायनू' जिभेवरून पुसून टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं. माझं रूपांतर मीच केलं आणि ते इतकं साफ झालं की ऑफिसात कोणी मला नंदुरबारचा समजत नाही. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

मावसभावाच्या सूचनेनं मला का टोचलं, ते इथे येऊन कळलं. त्याला आजीचं तेच करायचं होतं जे मी स्वतःचं केलं होतं.

शेवटी असं ठरवलं. आवाज आजीचा, अहिराणी, एक शब्दही न बदलता. खाली मजकुरात प्रमाण मराठी. प्रत्येक गोष्टीच्या आधी मी दोन मिनिटं बोलतो: ही गोष्ट कधी सांगतात, 'हाई' म्हणजे काय. अत्रे परवडत नाहीत, तेव्हा नातू.

चढवायला बसलो तर ॲपनं भाषा निवडायला सांगितली. यादीत अहिराणी नव्हती. 'मराठी' आणि 'इतर' यांतलं एक घ्यायचं होतं. 'स्लेयर्स' हातात घेऊन दोन कपाटांमधे उभा राहिलेला दुकानदार मला आठवला. 'इतर'मध्ये टाकलं तर कोणाला सापडणार नाही, 'मराठी'त टाकलं तर पहिल्याच वाक्याला कोणीतरी म्हणेल, हे काय मराठी आहे? मी 'मराठी' निवडलं. अहिराणीचा हक्क त्या कपाटात आहेच. वर्णनाच्या पहिल्या ओळीत मात्र 'अहिराणी' असं लिहिलं.

आजीला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "हाई कोन आयकी रे?" मी म्हटलं, माहीत नाही. पहिल्या आठवड्यात एकतीस जणांनी ऐकलं. त्यांतले निम्मे तरी आमचे नातेवाईक असावेत. उरलेले कोण, ते अजून कळलेलं नाही.