विलायतेचा अर्ज आणि गावचा साक्षीदार

घोडेगावात बाहेरचा माणूस येतो तो बहुधा जनावरांच्या बाजारासाठी, नाहीतर शनिशिंगणापूरला जाताना घटकाभर टेकण्यासाठी. गावातील मुलांची वाट मात्र उलट्या दिशेने जाते. शाळा संपली की सोनई, त्यानंतर नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी पुणे. हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. अलीकडे या वाटेला आणखी एक टप्पा जोडला जाऊ लागला आहे. गुणपत्रिका घेऊन आलेले आईवडील जरा संकोचानेच विचारतात, "फादर, विलायतेच्या कॉलेजात अर्ज कसा करतात हो?"

हा संकोच आम्हांस समजतो. ती दारे आपल्यासाठी नव्हेत, असे पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबलेले असते. परंतु इतिहास पाहिला तर असे दिसते की ही वाट मराठी मुलुखाला नवी नाही, आणि जे या वाटेने गेले त्यांतील कोणीही केवळ स्वतःच्या बुद्धीच्या बळावर गेला नाही. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी साक्षीदार उभा होता. "हे मूल मी ओळखतो, याच्यावर विश्वास ठेवा," असे योग्य ठिकाणी खरेपणाने सांगणारे माणूस होते. त्या साक्षीदारांचे स्मरण करावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आरंभी आपल्याच ख्रिस्तसभेची एक आठवण सांगणे उचित ठरेल. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठे मुळात कॅथोलिक युगात उदयास आली. परंतु धर्मक्रांतीनंतर तेथे आपल्या लोकांना स्थान उरले नाही. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांखाली सही करावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे बंधन सैल झाले आणि १८७१ च्या कायद्याने धर्माची अट बहुतांशी दूर झाली. तथापि श्रद्धेला धोका पोहोचेल या भीतीने इंग्लंडच्या महागुरुस्वामींनी आपल्या मुलांना तेथे जाण्यास मनाई केली होती, आणि ती मनाई १८९५ पर्यंत टिकली. संत जॉन हेन्री न्यूमन हे ऑक्सफर्डचेच नामवंत अध्यापक. १८४५ साली ते कॅथोलिक झाले. पुढे ऑक्सफर्डमधील कॅथोलिकांसाठी तेथे आश्रम काढावा ही त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली. मनाई उठल्यावर १८९६ साली येशूसंघीयांनी तेथे आपले विद्यार्थी-निवास सुरू केले. त्याच न्यूमन यांना १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. तात्पर्य, ज्या दारांची आज आपणांस भीती वाटते, तीच दारे आपल्या श्रद्धाबांधवांनाही कधीकाळी बंद होती. काही बाहेरून, काही आतून.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ साली दापोली तालुक्यातील मुर्डी या लहानशा गावी झाला. त्यांची बुद्धी हेरली ती त्यांचे नात्यातील वडीलधारे धोंडो केशव कर्वे यांनी. पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेल्या कर्व्यांनी या मुलाला शिक्षणासाठी मुंबईस आणले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत 'सीनियर रँग्लर' हा सर्वोच्च मान मिळविणाऱ्यांत त्यांची गणना झाली. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. विलायतेला जाण्यापूर्वीच त्यांनी परत येऊन डेक्कन एज्युकेशन सोसायटीची सेवा करण्याचा शब्द दिला होता, आणि १९०२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. जाणाऱ्याने शब्द पाळला आणि पाठविणाऱ्यांनी त्याची जागा राखून ठेवली.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या नाशिकचे आणि ख्रिस्ती घरातले. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म तेथे १८६६ साली झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना या पुण्यात शाळा चालवीत. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावी एवढी त्यांची योग्यता होती. पण उमेदवार स्त्री आहे, या एका कारणावरून ती नाकारण्यात आली. त्या वेळी त्यांच्या घराण्याच्या स्नेही लेडी मेरी हॉबहाउस यांनी १८८८ साली लंडनच्या 'टाइम्स' या वर्तमानपत्रास पत्र लिहून हा अन्याय जगापुढे मांडला. वर्गणी जमू लागली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. तेथेही कायद्याच्या वरच्या परीक्षेस स्त्रीला बसू द्यावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला, आणि विद्यापीठाने खास ठराव केल्यावरच १८९२ साली त्या परीक्षेस बसल्या. पदवी मात्र हाती पडण्यास तीस वर्षे लागली, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० साली. एका पत्राने केवढे काम केले! परंतु त्या पत्रात खोटे काहीच नव्हते, हेही ध्यानी घ्यावे. कॉर्नेलियांची योग्यता आधीच सिद्ध झालेली होती. पत्राने ती केवळ योग्य डोळ्यांपुढे ठेवली.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. याच केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची सोय झाली. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या विद्वानांना त्यांचा परिचय लिहून दिला. १९१६ साली ते लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० साली स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या आधारे ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी संपादन केली.

येथे एक कटू तुलना टाळता येत नाही. आंबेडकरांनीही परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता, आणि १९१७ साली ते शब्द पाळण्यासाठी बडोद्यास गेलेही. परंतु तेथे त्यांना राहावयास छप्पर मिळाले नाही; जातीमुळे पारशी खाणावळीतून हाकलले गेले, कचेरीत शिपाईही दुरूनच कागद टाकीत. परांजप्यांची वाट फर्ग्युसन पाहत होते. आंबेडकरांसाठी कोणाच्या घराची ओसरीही मोकळी नव्हती. 'शिकून परत या' असा उपदेश मुलांना करणे सोपे आहे. परत येणाऱ्यासाठी सन्मानाची जागा राखणे, हे पाठविणाऱ्याचे काम आहे. ते न करता मुले परदेशीच का राहतात म्हणून खंत करणे न्यायाचे नाही.

आता आजच्या अर्जाविषयी. पदवीच्या अभ्यासक्रमासाठी ब्रिटनमधील जवळजवळ सर्व विद्यापीठांना अर्ज जातो तो 'यूकॅस' या एकाच संस्थेमार्फत. १९९३ साली दोन जुन्या संस्था एकत्र होऊन ती स्थापन झाली. एका अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात, वैद्यकीसाठी चारच. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकी यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बहुतेक इतर अभ्यासक्रमांची जानेवारीत. आपल्या बारावीची परीक्षा त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. म्हणजे निकाल हाती येण्यापूर्वीच अर्ज जातो, आणि विद्यार्थ्याला किती गुण मिळतील याचा अंदाज त्याच्या शिक्षकाने लिहून द्यावा लागतो. सोबत शिक्षकाचे शिफारसपत्रही हवे. ते नातेवाइकाचे वा घरोब्यातील माणसाचे चालत नाही. गुणपत्रिकेच्या आधी साक्ष पोहोचते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. केळुसकर गुरुजींची जागा अजून रिकामी झालेली नाही, ती अशी.

विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहावयाचे निवेदन चार हजार अक्षरांत बसवावे लागते. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत: हा विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शाळेबाहेर काय केले. या तिसऱ्या प्रश्नाला आमची मुले बिचकतात. 'आम्ही काय केले? काहीच नाही,' असे त्यांना वाटते. परंतु जी मुलगी पहाटे गाईंची धार काढून शाळेत जाते, दूध संकलन केंद्राचा हिशेब वडिलांना समजावून सांगते आणि रविवारी लहानांना धर्मशिक्षण देते, तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तिला तसे सांगणारा कोणी भेटत नाही, एवढेच. मदत करणाऱ्याचे काम तिच्याऐवजी लिहिणे नव्हे. तिला प्रश्न विचारून तिचे तिलाच लिहावयास लावणे, हे होय. पैसे घेऊन तयार निवेदने पुरविणारे दलाल आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. त्यांना ठाऊक नसेल, पण यूकॅस २००७ पासून प्रत्येक निवेदन इतर निवेदनांशी ताडून पाहत आली आहे. आणि ती न पाहती, तरी आठवी आज्ञा आपल्यासाठी आहेच: खोटी साक्ष देऊ नये.

पैशाचा प्रश्न मोठा आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. पदवीच्या शिक्षणासाठी मोठी शिष्यवृत्ती मिळणे दुर्मीळ. राष्ट्रकुल आणि चेव्हनिंग या नामवंत ब्रिटिश शिष्यवृत्त्या प्रामुख्याने पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. चेव्हनिंग घेणाऱ्याला तर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावेच लागते. म्हणून आमच्या बहुतेक मुलांनी पदवी येथेच घ्यावी आणि पुढच्या शिक्षणासाठी तिकडे अर्ज करावा, हेच शहाणपणाचे. येथे आपल्या समाजाचे एक दुखणेही आडवे येते. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात असताना अनुसूचित जातींच्या मुलांसाठी परदेशी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती राहिले बाहेरच. त्यामुळे ज्यांचे आजोबा एकाच वस्तीत राहत होते, त्यांच्या नातवंडांपैकी एकाला त्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो आणि दुसऱ्याला नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात होते. तेव्हा त्या वर्गाच्या योजनांची चौकशी वेळेवर करावी, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. न्यायासाठी लढा चालू ठेवावा, पण त्याच्या निकालासाठी मुलांचे वर्ष अडवून धरू नये.

शेवटी, धर्मग्रामाने काय करावे? मोठे काही नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत 'योहान', शाळेच्या दाखल्यावर 'जॉन' आणि आधार कार्डावर तिसरेच काही, असा गोंधळ घरोघरी असतो, आणि पासपोर्टाच्या वेळी तोच नडतो; तो मूल नववीत असतानाच निस्तरावा. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शिक्षक, धर्मभगिनी आणि शिकलेले तरुण यांनी एकत्र बसून वरच्या वर्गांतील मुलांची विचारपूस करावी. धर्मगुरूने सर्वांना एकाच साच्याचे 'चालचलणूक उत्तम' असे पत्र देण्याऐवजी त्या मुलाविषयी स्वतःला जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. शौल यरुशलेमेस आला तेव्हा त्याच्यावर कोणाचाच विश्वास बसेना. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि वाटेत त्याला प्रभू कसा भेटला ते सांगितले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. तोच शौल पुढे पौल झाला आणि फीबी या भगिनीसाठी रोमच्या मंडळीला शिफारस लिहिता झाला. ज्याच्यासाठी कोणी साक्ष दिली, त्याने दुसऱ्यासाठी द्यावी, ही आपल्या घराची जुनी रीत आहे.

घोडेगावच्या पंचक्रोशीतून विलायतेस किती मुले जातील, हे सांगणे आमच्या हाती नाही. कदाचित थोडीच. परंतु ज्याच्या अंगी पात्रता आहे असे एकही मूल, केवळ त्याच्याविषयी दोन खरे शब्द लिहिणारा कोणी भेटला नाही म्हणून, मागे राहू नये. तेवढे आपल्या हाती आहे, आणि त्याची तयारी या वर्षीच्या नववीच्या वर्गापासून करता येईल.