घरपट्टी कोणाच्या नावावर?

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला मतदार यादीचं काम करताना सगळ्यात जास्त अडतं ते पत्त्याच्या पुराव्यापाशी. तारापूर एमआयडीसीत राबणारा माणूस खैरापाड्याच्या एखाद्या चाळीत वर्षानुवर्षं राहतो. त्याची मुलं माझ्या शाळेत शिकतात. पण वीजबिल चाळमालकाच्या नावावर, घरपट्टी चाळमालकाच्या नावावर, आणि भाडेकरार करून द्यायला मालक राजी नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारी अधिकारी, म्हणून दारोदार फिरताना एकच वाक्य ऐकू येतं, "मॅडम, राहतो तर इथंच, पण कागद कुठून आणू?" मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून मला ठाऊक आहे की हेच गाऱ्हाणं इंग्लंडातल्या भाडेकरूंनी दीडशे वर्षांपूर्वी मांडलं होतं आणि त्यावर तिथल्या पार्लमेंटात आठवडेच्या आठवडे वाद झाला होता.

1832 पर्यंत इंग्लंडात मतदार यादी अशी नव्हतीच. मत द्यायला माणूस पुढं आला की त्याला हक्क आहे की नाही यावर तिथल्या तिथं भांडण जुंपायचं, आणि मतदान पंधरा-पंधरा दिवस चालू शकायचं. 1832 च्या सुधारणा कायद्यानं यादी आणली. शहरात वर्षाला किमान 10 पौंड किमतीचं घर किंवा दुकान ज्याच्या ताब्यात आहे आणि ज्यानं त्यावरचे कर वेळेत भरले आहेत, अशा पुरुषाचं नाव यादीत येई. वर एक शिलिंग फी. यादी करायची ओव्हरसियरांनी. हे लोक मुळात गरिबांच्या मदतीसाठीचा कर गोळा करायचे आणि यादीचं काम त्यांच्या गळ्यात आयतं पडलं. त्यामुळं कराच्या वहीत ज्याचं नाव नाही तो मतदार यादीतूनही गळाला. कच्ची यादी चर्चच्या दारावर लागायची आणि शरद ऋतूत न्यायाधीशांनी नेमलेला वकील गावोगाव बसून हरकती ऐकायचा.

खरी लढाई या हरकतींची होती. यादीतला कोणीही माणूस यादीतल्या दुसऱ्या कोणाच्याही नावावर हरकत घेऊ शकत होता, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं कारण देण्याचंही बंधन नव्हतं. हरकत घेणारा किंवा त्याचा एजंट हजर राहिला की आपला हक्क शाबीत करायची जबाबदारी मतदारावर. चांभार असो की विणकर, दिवसाची मजुरी बुडवून, करपावत्या घेऊन त्यानं हजर व्हायचं. नाही गेला तर नाव कटलं. दोन्ही पक्षांनी यासाठी पगारी वकील आणि कारकून बाळगले. घटनेची लढाई नोंदणीच्या कोर्टातच लढायची आहे, असं टोरी नेता रॉबर्ट पील आपल्या लोकांना उघड सांगत असे.

धान्यावरची आयात जकात उठावी म्हणून मँचेस्टरहून चळवळ चालवणारे रिचर्ड कॉबडन आणि त्यांचे साथीदार मला आवडतात. गरिबाची भाकरी स्वस्त व्हावी हा त्यांचा आग्रह रास्त होता. पण 1843 च्या कायद्यानं हरकतीची नोटीस टपालानं पाठवायला मुभा दिली, आणि 1844-45 मध्ये याच मंडळींनी जमीनदारांच्या बाजूच्या मतदारांवर हरकतींचे गठ्ठेच्या गठ्ठे पोस्टात टाकले. ज्यांचा हक्क निर्विवाद होता अशा माणसांनाही हेलपाटे पडले. हेतू चांगला होता, तरी मी याला अन्यायच म्हणते. आजही आमच्याकडं एखाद्या वस्तीतल्या नावांवर नाव वगळण्यासाठीचे सात नंबरचे फॉर्म एकगठ्ठा आले की त्या बायकामाणसांचे चेहरे कसे उतरतात ते मी पाहिलंय. नोटीस हातात पडली की माणूस आधी घाबरतो, मग काम बुडवतो आणि कधी कधी नाद सोडून देतो.

गरिबीचा तर दंडच होता. वर्षभरात पॅरिशची, म्हणजे गरिबांसाठीच्या करातून मिळणारी, मदत घेतलेल्या माणसाला शहरात मत नव्हतं. पोर आजारी पडलं म्हणून सरकारी खर्चानं डॉक्टर आणला तरी बापाचं मत जायचं. डॉक्टरी मदतीपुरती ही अट 1885 मध्ये सुटली.

आणि भाडेकरू? छोट्या घरांचा कर घरमालकानं एकरकमी, थोडी सूट घेऊन भरायची पद्धत अनेक शहरांत होती. भाडेकरू तो कर भाड्यातून मोजतच होता, पण वहीत नाव मालकाचं. कर भरूनही हजारो कुटुंबप्रमुख यादीबाहेर राहिले. मताधिकार वाढवणाऱ्या 1867 च्या कायद्याच्या वेळी हॉजकिन्सन नावाच्या खासदारानं ही पद्धतच बंद करायची सूचना आणली आणि सरकारतर्फे डिझरायलींनी ती मान्य केली. पण मग मालकांनी भाडं कमी न करता भाडेकरूंना कर वेगळा भरायला लावला आणि ओरड झाली. 1869 मध्ये तोडगा निघाला. कर मालकानं भरला तरी तो भाडेकरूनं भरला असं धरायचं आणि वहीत राहणाऱ्याचं नाव लिहायचंच.

या याद्यांच्या रणातून आपलाही एक माणूस गेला. तारापूर, डहाणू, उदवाडा, नवसारी हा सगळा किनारा पारशांचा. दादाभाई नौरोजींचं घराणं नवसारीचं. 1886 मध्ये लंडनच्या होबर्नमधून पार्लमेंटसाठी उभे राहून ते हरले. 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून उभे राहिले आणि पाच मतांनी निवडून आले.  विरोधी उमेदवार पेंटन यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो टिकला नाही. पाच मतांचा फरक म्हणजे यादीतली पाच नावं. कोण्या भाडेकरूनं करपावती जपून ठेवली होती, कोण्या कारकुनानं खेटे घातले होते, म्हणून हिंदुस्थानाचं दारिद्र्य पार्लमेंटात मांडलं गेलं.

इकडं आपल्या भागात निवडणूक आली ती लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर, मुंबई इलाख्याच्या 1884 च्या लोकल बोर्ड कायद्यानं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या माहीम तालुक्यात होतं. तालुका बोर्डाचे काही सभासद निवडायचे, काही सरकारनं नेमायचे. मताचा हक्क मुख्यतः शेतसारा, मालमत्ता किंवा उत्पन्न यावर. आता शेतसारा भरतो कोण? खातेदार. वारली कूळ भात पिकवून खंड घालायचं, त्याच पिकातून सावकार-जमीनदार सारा भरायचा, आणि सरकारी दप्तरात नाव जमीनदाराचं. 1869 पूर्वीच्या इंग्लंडातल्या भाडेकरूचं आणि आमच्या कुळाचं दुखणं एकच. दुसऱ्याच्या हातून भरलेला पैसा आपल्या नावावर जमा होत नव्हता. त्यातही लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायको सावकाराकडं लग्नगडी म्हणून राबायची. ज्याचं शरीरच गहाण, त्याला हरकत घ्यायलाही यादीत नाव नव्हतं. इंग्लंडात नावं खोडण्यावरून भांडणं झाली. इथं भांडणाइतकीही जागा नव्हती, आणि मला तो अन्याय जास्त खोल वाटतो.

प्रौढ मताधिकार आला तेव्हाही दुसऱ्याच्या आडून लिहिलेलं नाव पाठ सोडेना. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीआधी उत्तरेतल्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगानं अशी नोंद मानली नाही आणि सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या. आयोगाचा आग्रह मला पटतो, पण त्या बायकांना नाव सांगायला आणखी वेळ द्यायला हवा होता.

बोईसर परिसरातल्या चाळींपुरतं माझं मागणं 1869 च्या तोडग्याइतकंच आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या वहीत, मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना आहेच. मी पाहिलेल्या चाळींच्या उताऱ्यांत तिथंही मालकाचंच नाव आहे. आकारणीच्या वेळी प्रत्येक खोलीत कोण राहतं ते विचारून त्या रकान्यात लिहावं, आणि मागेल त्या भाडेकरूला उतारा द्यावा.