इंधनवाहिनी-जोडणी (इंजिनबदलातील)

जुन्या मोटारीत नव्या पिढीचे इंजिन बसवताना टाकीपासून इंजिनापर्यंतची इंधनाची वाट नव्याने घालण्याचे काम. टाकी, तिची हवा येण्याजाण्याची नळी, पंप, फिल्टर, जाणारी आणि परतणारी लाइन, प्रेशर रेग्युलेटर आणि मधले सगळे सांधे या कामात मोडतात. गॅरेजात इंजिनबदलाची चर्चा माउंटिंग, गिअरबॉक्स आणि वायरिंग यांभोवती फिरते, आणि नळ्या गाडी सुरू करून बघायच्या घाईत शेवटी जोडल्या जातात. आगीचा धोका मात्र याच कामात सर्वांत जास्त असतो. म्हणून इंधनवाहिनी हा इंजिनाचाच भाग समजावा आणि इंजिनाबरोबर तीही टाकीपर्यंत बदलावी.

पार्श्वभूमी : जुन्या सांगाड्यात नवे इंजिन ही कल्पना महाराष्ट्रात आधी कारखान्यांनी रुळवली. महिंद्र अँड महिंद्रने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनासाठी करार केला. मूळ विलिसच्या घडणीच्या जीपमध्ये पेट्रोलऐवजी डिझेल आले आणि पुढे कितीतरी जुन्या पेट्रोल जीप गावोगावच्या गॅरेजांत डिझेलवर गेल्या. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. तिचा सांगाडा साठच्या दशकातल्या फियाट १२४ चा होता, इंजिन निसानचे ११७१ सीसीचे. मारुती ८०० ला तर त्याच अंगलटीत कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन मिळाले. या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा इंधनाची वाटही त्याला साजेशी करून दिली. खासगी इंजिनबदलात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

दाबाचा फरक : प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर किंवा पेट्रोल जीप यांत कॅमशाफ्टवर चालणारा डायाफ्रामचा पंप असतो. गॅरेजात त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल भरत राहील एवढेच त्याचे काम, त्यामुळे दाब साधारण ०.२ ते ०.३५ बार असतो. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनाला ३ ते ४ बार लागतात, म्हणजे साधारण दहापट किंवा त्याहून अधिक. जुन्या गाडीत हयातभर न गळलेला सांधा या दाबाला पहिल्याच चावीत फुटू शकतो. पेट्रोल थेंबाथेंबाने गळत नाही, बारीक फवारा उडतो, आणि जवळच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो.

होज आणि सांधे : सर्रास होणारी चूक फायरवॉलपाशी सापडते. नव्या इंजिनाबरोबर आलेली नायलॉनची नळी तिथे कापतात, तिच्या गुळगुळीत तोंडावर रबरी होज चढवतात आणि स्क्रूची क्लिप आवळतात. क्लिप घट्ट दिसते. पण नायलॉनला पकड नसते आणि नळीच्या तोंडाला उंचवट्याची कडही नसते. इंजिन तापले, नायलॉन थोडे मऊ पडले की होज दाबाने मिलिमीटर मिलिमीटर मागे सरकते. नायलॉन कापायचेच असेल तर त्याच्या मापाची काटेरी निपल बसवावी किंवा मूळ क्विक कनेक्टर जपून वापरावा. नळी नरम करायला लायटर लावू नये. धातूच्या नळीच्या तोंडाला कड पाडून घ्यावी आणि क्लिप त्या कडेच्या मागे बसवावी. स्क्रूच्या क्लिपचे दाते होजमध्ये रुततात, म्हणून गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप घ्यावी.

होज विकत घेताना तिच्या अंगावरचा छाप वाचावा. एसएई जे-३० आर-७ ही कार्बुरेटरच्या गाडीची. इंजेक्शनसाठी आर-९ लागते, जी सुमारे ७ बारपर्यंतच्या दाबासाठी असते आणि जिच्या आतला थर फ्लोरोइलास्टोमरचा असतो. छाप नसलेली काळी होज ‘पेट्रोलचीच आहे’ एवढ्या तोंडी हमीवर घेऊ नये. रबर कमीत कमी वापरावे. इंजिन हलते तिथे आणि टाकीपाशी छोटा तुकडा पुरतो, बाकी वाट धातूची असावी. तांब्याची नळी वळवायला सोपी म्हणून लोकप्रिय आहे, पण हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते.

परतीची लाइन : कार्बुरेटरच्या बऱ्याच गाड्यांत टाकीकडे परतणारी नळी नसतेच. इंजेक्शनच्या अनेक इंजिनांत मात्र रेग्युलेटर रेलवर असतो आणि जास्तीचे पेट्रोल टाकीत परतते. ही नळी पंपाच्या तोंडाशी टी लावून जोडण्याचा प्रकार आढळतो. त्यात इंजिनाच्या उष्णतेने तापलेले तेच पेट्रोल पुन्हा पंपात येते, त्याची वाफ होते आणि चढावर गाडी दम टाकते. परतीची नळी टाकीतच जायला हवी आणि तीही पंपाच्या शोषणनळीपासून लांब. ज्या इंजिनाचा रेग्युलेटर टाकीतल्या पंपाला जोडलेला असतो, त्याला एकच नळी पुरते. मग तो पंप आणि रेग्युलेटर इंजिनाबरोबरच आणावा.

पंप आणि टाकी : विजेचा पंप ढकलतो चांगला, ओढतो वाईट. तो बाहेर बसवला तर टाकीच्या तळाहून खाली असावा आणि त्याच्या आधी जाळीचा फिल्टर हवा. जुन्या टाकीत आडपडदे पुरेसे नसतात. रत्नागिरीहून आंबा घाट चढताना पाव टाकी असेल तर वळणावर पेट्रोल एका अंगाला जाते, पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणभर मरते. कार्बुरेटरच्या वाटीतला साठा हा क्षण निभावून नेत असे, इंजेक्शनकडे तो साठा नाही. यावर दोन उपाय आहेत: टाकीतच आडपडद्यांसह पंप बसवणे, किंवा एक-दोन लिटरची वेगळी छोटी टाकी मध्ये घालून इंजेक्शनचा पंप तिच्यावर चालवणे. कोणता बरा याबद्दल जाणकारांत एकमत नाही. पहिल्यात सांधे कमी, दुसऱ्यात मूळ टाकी शाबूत राहते.

हवेची नळी बहुतेकांच्या लक्षातून सुटते. जुन्या झाकणाला हवा घेण्याचे भोक असते. नवे बंद झाकण लावले आणि हवेची सोय केली नाही की टाकीत निर्वात तयार होतो. गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते, झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो आणि ती पुन्हा सुरू होते. असा दोष पंपाच्या माथी मारून चांगला पंप बदलला जातो.

पंपाची वीज : इसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) रिलेतूनच घ्यावी. चावी फिरवल्यावर इसीयू पंप दोनेक सेकंद चालवतो आणि इंजिन फिरत नसेल तर बंद करतो. पंपाला थेट वायर दिली तर अपघातात नळी तुटल्यावरही तो पेट्रोल ओततच राहतो.

कोकणातील विशेष : मिऱ्या, मांडवी, भाट्ये या पट्ट्यातली खारी हवा आणि ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस यांमुळे रत्नागिरीत लोखंडी नळी बाहेरून आधी सडते, आणि तीही दिसत नाही तिथे: चासीला धरणाऱ्या पट्टीखाली, जिथे चिखल अडकून राहतो. पट्टी सोडून नळीवर नख फिरवावे; पापुद्रा सुटला तर ती नळी बाद. स्टेनलेस स्टील किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी इथे टिकते. पट्टीखाली रबराचा तुकडा घालावा.

त्यात इथेनॉलची भर पडली आहे. महाराष्ट्रात ५ टक्के मिश्रणाची सुरुवात २००३ मध्ये झाली. २० टक्क्यांचे पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून फिल्टर तुंबवते आणि हवेतली वाफ शोषते. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून महिनोन्महिने उभ्या ठेवलेल्या गाडीत पाण्याचा अंश वाढला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंपाचे तोंड तळाशीच असते. उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवावी आणि इंजिनबदलानंतर पहिला फिल्टर लवकर बदलावा.

डिझेल : जुन्या डिझेल इंजिनाला स्वच्छ डिझेल आणि हवा न धरणारी लाइन पुरत असे, एअर धरली तर हँडप्रायमर मारून काढता येई. कॉमन रेलमध्ये रेलचा दाब हजार बारच्या वर जातो. त्या नळ्या वाकवू नयेत आणि गळती हाताने चाचपू नये, कारण तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. कमी दाबाच्या बाजूला पाणी वेगळे करणारा मूळ फिल्टरच ठेवावा. तांबे आणि जस्ताचा मुलामा डिझेल खराब करतात, म्हणून तांब्याची नळी आणि जस्ताच्या मुलाम्याची टाकी इथे वर्ज्य. परतीची लाइन मोकळी असावी.

सीएनजी : मान्यताप्राप्त किटखेरीज करू नये.

तपासणी : इंजिन न फिरवता चावी तीन-चारदा चालू-बंद करून लाइन दाबाखाली आणावी आणि प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. मग इंजिन पूर्ण तापल्यावर आणि गाडी रात्रभर थंड झाल्यावर पुन्हा. या वेळी अग्निशामक हाताशी हवा.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात, एमएच ०८ च्या गाडीसाठी रत्नागिरीत, लेखी विचारणा करावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला मिळणारी विंटेज नोंदणी मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी आहे. इंजिन बदललेली गाडी तिच्यात बसत नाही.