घोड्याचा भाव आणि घोड्याचा चारा

आमच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो. तिथे लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलोय: घोड्याचा भाव एकदाच द्यायचा, चारा मात्र रोज. पुढे पुण्यात शिकताना ‘बीआरटी स्वस्त की रुळावरची गाडी’ हा वाद कानावर पडला, तेव्हा हा बाजारच आठवला.

मुंबईत रस्त्यावरच्या रुळांची सुरुवात घोड्यांनीच झाली. 9 मे 1874 रोजी कुलाबा ते पायधुणी ट्राम धावली, तिला घोडे जुंपलेले होते. 1907 मध्ये वीज आली. दाणा-वैरणीचा खर्च गेला, तारा-खांबांचा आला. 1926 मध्ये बस आली. तिला ना रूळ लागत, ना तार; रस्ता तर होताच. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली.

हिशोबाची गोम इथेच आहे. ट्रामचे रूळ ट्रामच्या खात्यावर पडतात, बसचा रस्ता सगळ्यांच्या. म्हणून बस कागदावर स्वस्त दिसते.

पुण्याने 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू केली. वेगळी मार्गिका आखणं आणि थांबे बांधणं मेट्रोपुढे किरकोळ काम. पण ती मार्गिका राखणं हा रोजचा चारा: वॉर्डन, धड कठडे, पुरेशा बस आणि दुचाकीवाल्याला आत न शिरू देण्याची हिंमत. तो पुरा पडला नाही. नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग तर नंतर उखडूनच टाकला.

डिसेंबर 2016 मध्ये पुणे मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली: सुमारे 31 किलोमीटर, 11,420 कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला साधारण 365 कोटी. रस्त्यावरून धावणारी हलकी रेल्वे याहून बरीच स्वस्त, बीआरटीहून महाग. मेट्रोच्या खांबांवर रिक्षा चढत नाही. राखणीचे पैसे आधीच मोजलेले असतात. तरी वीज आणि देखभाल हा चारा तिलाही लागतोच.

म्हणून नुसता बांधकामाचा आकडा विचारू नका, तीस वर्षांचा विचारा. आमच्या गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायला दोंडाईचा गाठावं लागतं. पण पुण्याच्या मेट्रोत राज्याचा पैसा आहे. म्हणजे थांब्यावर शहाद्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचाही आहे. हिशोब मागायचा हक्क त्यालाही आहे.