बिटकॉइन नोड

बिटकॉइन नोड : बिटकॉइन या कूटचलनाच्या व्यवहारांतील प्रत्येक नोंद ठराविक नियमांनुसार स्वतंत्रपणे तपासून घेणारा व त्या नोंदींची वही स्वतःजवळ बाळगणारा संगणक. त्यावर चालणारी आज्ञावली मुक्तस्रोत असून ती कोणासही विनामूल्य घेता, वाचता व बदलता येते. नवी नाणी मिळविणारा ‘खाणकामगार’ आणि नोड यांची सर्वसाधारण लिखाणात गल्लत केली जाते. प्रारंभी ती दोन्ही कार्ये एकत्र होती हे खरे. परंतु ती विभक्त झाल्यावरच नोडचे खरे महत्त्व ध्यानात आले.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीने (वा व्यक्तिगटाने) ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या चलनाची कल्पना नऊ पृष्ठांच्या निबंधात मांडली. पहिल्या ब्लॉकवर ३ जानेवारी २००९ हा दिनांक असून त्यात लंडनच्या टाइम्स दैनिकातील बँकांच्या साहाय्याविषयीचा त्या दिवशीचा मथळा गोवलेला आहे. काही दिवसांतच आज्ञावलीची ०.१ ही आवृत्ती प्रसृत झाली. ती सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली व केवळ विंडोज प्रणालीवर चालणारी होती. १२ जानेवारी रोजी नाकामोतोने हॅल फिनी या अमेरिकन संगणकतज्ञास १० बिटकॉइन पाठविले. खाणकाम, पाकीट व तपासणी ही तिन्ही कामे त्या वेळी एकाच घरगुती संगणकावर होत. २०१० पासून खाणकामासाठी आलेखिकी प्रक्रियक आणि २०१३ पासून खास बनविलेली यंत्रे वापरात येऊन त्याचा उद्योग झाला. घरी उरला तो नोड. त्याबद्दल चालविणाऱ्यास कोणताही मोबदला मिळत नाही.

नोडची उभारणी तत्त्वतः सोपी, पण वेळखाऊ आहे. आज्ञावली उतरवून घेतल्यावर तिची अंकीय स्वाक्षरी पडताळणे आवश्यक असते. ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि ज्या साधनाचा हेतूच कोणावर विश्वास न ठेवणे हा आहे, त्याच्या बाबतीत हे विपरीतच म्हटले पाहिजे. सुरू झाल्यावर नोड इतर नोडांचे पत्ते मिळवितो, ब्लॉकांची शीर्षके आधी व ब्लॉक नंतर मागवितो (ही पद्धत ०.१० आवृत्तीत, २०१५ मध्ये आली) आणि २००९ पासूनच्या सर्व नोंदी क्रमाने तपासतो. संगणकाच्या शक्तीनुसार यास काही तास ते अनेक दिवस लागतात. २०१७ पासूनच्या आवृत्त्या जुन्या ब्लॉकांतील स्वाक्षऱ्यांची तपासणी वगळतात. मात्र ही सवलत वापरणाऱ्यास बंद करता येते. २०२४ अखेर नोंदवही ६०० गिगाबाइटांहून मोठी झाली होती. एवढी जागा नसल्यास तपासून झालेले जुने ब्लॉक पुसून टाकण्याची सोय २०१५ पासून आहे. असा नोडही प्रत्येक ब्लॉक नियमांशी ताडून घेतो, केवळ इतरांना जुना इतिहास पुरवू शकत नाही. बाहेरील नोडांना जोडणी करू द्यावयाची असल्यास ८३३३ क्रमांकाचे द्वार खुले ठेवावे लागते.

आज्ञावलीतील दोष हे चलनावरील संकट ठरते, याचा प्रत्यय लवकरच आला. १५ ऑगस्ट २०१० रोजी बेरजेतील एका चुकीमुळे दोन पत्त्यांवर प्रत्येकी सु. ९,२२३ कोटी बिटकॉइन जमा झाले. एकूण नाण्यांची कमाल मर्यादाच २·१ कोटी आहे. काही तासांत सुधारित आवृत्ती निघाली व तो ब्लॉक मागे पडला. मार्च २०१३ मधील प्रसंग अधिक बोधप्रद आहे. ०.८ आवृत्तीत माहिती साठविण्याची यंत्रणा बदलली होती. जुन्या यंत्रणेत एक मर्यादा दडलेली असल्याचे कोणासच ठाऊक नव्हते. नव्या नोडांनी स्वीकारलेला एक मोठा ब्लॉक जुन्यांनी नाकारला आणि साखळीचे दोन फाटे झाले. खाणकामाची बहुतांश शक्ती नव्या फाट्यावर असूनही प्रमुख खाणकामगार जुन्या आवृत्तीकडे परतले, तेव्हा काही तासांनी साखळी पूर्ववत झाली. लिखित नियम व प्रत्यक्षात चालणारी आज्ञावली यांत कोणते प्रमाण मानावे, हा प्रश्न त्या रात्री व्यवहारात सुटला. सप्टेंबर २०१८ मध्ये दुरुस्त झालेला, नाणी वाढविता येण्याजोगा दोष तर बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी चलनासाठी काम करणाऱ्याने कळविला होता.

नाकामोतो २०११ मध्ये या कामातून दूर झाल्यावर गॅव्हिन अँड्रीसन व २०१४ पासून व्लादिमीर व्हान डर लान यांनी मुख्य व्यवस्थापन पाहिले. २०१४ मध्येच आज्ञावलीस ‘बिटकॉइन कोअर’ हे नाव मिळाले. ब्लॉकची एक मेगाबाइटची मर्यादा वाढवावी काय, यावर २०१५ ते २०१७ या काळात तीव्र वाद झाला. मोठ्या ब्लॉकने व्यवहार स्वस्त होतील, पण नोड चालविणे सामान्यांच्या आवाक्याबाहेर जाईल, असा विरोधकांचा आक्षेप होता. अनेक नोडधारकांनी १ ऑगस्ट २०१७ पासून सेगविट या सुधारणेस पाठिंबा न देणारे ब्लॉक नाकारण्याचे ठरविले. त्याच दिवशी मोठ्या ब्लॉकचे पुरस्कर्ते बिटकॉइन कॅश घेऊन वेगळे झाले; सेगविट २४ ऑगस्टला अमलात आली. याचे श्रेय कितपत नोडधारकांचे, याविषयी मतभेद आहेत. खाणकामगारांचा कल त्याआधीच बदलू लागला होता, हे मात्र नाकारता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीने व्यवहारांत इतर माहिती साठविण्यावरील मर्यादा सैल केली, तेव्हा ते न रुचलेल्या कित्येकांनी ‘बिटकॉइन नॉट्स’ ही पर्यायी आज्ञावली चालविण्यास घेतली.